मुलगी मोठी झाली, ताब्याचा आदेश तसाच राहिला: कौटुंबिक न्यायालयांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील कौटुंबिक न्यायालयांचे माननीय न्यायाधीश आणि विवाह समुपदेशक,
तसेच विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

मी एका पंधरा वर्षांच्या मुलीची सावत्र आई. ती एक आठवडा आमच्याकडे असते, एक आठवडा तिच्या आईकडे. तिचे आईवडील परस्पर संमतीनं वेगळे झाले तेव्हा संमतीच्या अटींत ही पाळी ठरली आणि न्यायालयानं त्या अटींना आदेशाचं रूप दिलं. त्या वेळी ती सहा वर्षांची होती. एवढ्या लहान मुलीला आठवडाभराहून जास्त काळ आई दिसू नये किंवा वडील दिसू नयेत असं व्हायला नको, हा त्यामागचा विचार होता आणि तो योग्यच होता. आज ती दहावीत आहे. तिची उंची, तिची शाळा, मैत्रिणी, झोपायच्या वेळा, रागवायची तऱ्हा, सगळं बदललं. आदेशाचा एक स्वल्पविरामही बदललेला नाही. तो बदलून मिळावा म्हणून केलेला अर्ज पडून आहे. मागच्या तारखेला 'दोन्ही पक्षांनी आपसांत बोलून यावं' असं सांगून तो पुन्हा पुढं गेला, आणि नवी तारीख तिच्या परीक्षेच्या नंतरची पडली. त्या दिवशी हे पत्र लिहायचं ठरवलं.

आमचं प्रकरण कोणत्या न्यायालयात आहे ते मी लिहिणार नाही. त्या अर्जावर काय निकाल द्यावा हे सांगायलाही हे पत्र नाही. कौटुंबिक न्यायालयाचं कामकाज बंद दाराआड चालू शकतं ते मुलांच्या भल्यासाठी, आणि ती मर्यादा मला मान्य आहे. मुलीच्या संमतीनंच लिहिते आहे. तिनं मसुदा वाचला, स्वतःबद्दलची काही वाक्यं काढायला लावली, ती काढली. तिच्या आईबद्दल या पत्रात वाईट शब्द सापडणार नाही. त्या बाईंनी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून एक समंजस मुलगी वाढवली आहे, हे मी रोज पाहते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सावत्र आई ताब्याबद्दल लिहिते म्हटल्यावर वाचणारा धरून चालतो की हिला मूल आपल्याकडे ओढायचं असणार, नाहीतर टाळायचं असणार. आम्ही जे मागतो आहोत त्यानं आमच्या घरातले तिचे दिवस कमी होतील. शाळा तिच्या आईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, क्लासही तिकडंच, मैत्रिणीही तिकडंच. तिचं म्हणणं असं, की शाळेच्या दिवसांत मी आईकडे राहीन, सुट्टीच्या दिवशी बाबांकडे येईन आणि मधल्या वारी मला यावंसं वाटलं तर मला येऊ द्या, त्याचा हिशोब कुणी मांडू नका. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना ते लागलं, आणि लागणारच. पण काही दिवसांनी तेच म्हणाले की तिचं बरोबर आहे, आपण अर्ज करू.

मुलगी हे मागते आहे. वडील तयार आहेत. आईलाही हे हवंच असणार, असं कुणालाही वाटेल. मग अडलं कुठं? माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार इथंच आहे.

आपल्याकडच्या ताब्याच्या प्रकरणांत दिवस ही मालमत्ता होऊन बसली आहे. आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "दिवस सोडू नका. एकदा सोडलेला दिवस परत मिळत नाही." ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी असे खटले पाहिले आहेत, जिथं एका बापानं मुलाच्या सोयीसाठी चार दिवस कमी घेतले आणि पुढं 'यांना मुलात रस नव्हता' याचा पुरावा म्हणून तेच चार दिवस उभे राहिले. तरीही आम्ही अर्ज केला. समोरून म्हणणं दाखल झालं, की अर्जदाराला दुसऱ्या संसारामुळं मुलगी जड झाली आहे आणि तो जबाबदारी झटकतो आहे. हे त्या आईचे शब्द नाहीत याची मला खात्री आहे, कारण तशी भाषा त्या बोलत नाहीत. त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असेल, की सहज मान्य करू नका, यात काहीतरी डाव असेल, आधी निर्वाह खर्चाचं बघा. मग आमच्या वकिलांनी त्याला उत्तर दिलं. त्या उत्तरात वडील मुलीवर किती प्रेम करतात हे सिद्ध करण्यासाठी आईच्या घरातल्या उणिवा आल्या. त्या परिच्छेदावर माझ्या नवऱ्यानं सही करायला नकार दिला, तेव्हा तो काढला गेला.

असं करत करत, ज्या दोन माणसांना मुलीसाठी एकच गोष्ट हवी आहे, ती कागदावर एकमेकांविरुद्ध उभी राहिली. मुलीचा प्रश्न साधा होता: बुधवारी मी कुठं असावं? फायलीतला प्रश्न झाला: यांच्यापैकी वाईट पालक कोण?

याचे परिणाम घरात कसे उतरतात, त्यातला एक सांगते. एका रात्री साडेदहाला तिच्या लक्षात आलं की विज्ञानाची प्रयोगवही दुसऱ्या घरी राहिली. सकाळी ती तपासून घ्यायची होती. मी म्हटलं, चल, जाऊन घेऊन येऊ. ती नको म्हणाली. त्याआधी एकदा अशीच एक वस्तू आणायला तिचे वडील तिकडं गेले होते आणि 'अर्जदार ठरलेल्या वेळेबाहेर घरी आले' असं वाक्य पुढच्या कागदांत आलं होतं. ते तिनं वाचलं होतं. कागद कुणी तिला दाखवले नव्हते, पण घरात टेबलावर पडलेले कागद पंधरा वर्षांची मुलगी वाचतेच. त्या रात्री तिनं मैत्रिणीकडून फोनवर पानांचे फोटो मागवले आणि आकृत्या पुन्हा काढत बसली. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली आहे: कुठली वस्तू कुठल्या घरी. यादीत खाडाखोड फार आहे. मी ती यादी कधी वाचते असं तिला वाटू नये म्हणून कपाट आवरायचं मी सोडून दिलं आहे.

आता मुलांना विचारण्याबद्दल.

तिला एकदा समुपदेशनासाठी बोलावलं होतं. दहा-पंधरा मिनिटांत ती बाहेर आली. आधीची जोडी आत भांडत होती, नंतरची दारात उभी होती, हे मला दिसत होतं; समुपदेशकांवर कामाचा किती भार असतो तेही दिसत होतं. तिला विचारलं गेलं, "आईकडे आवडतं की बाबांकडे?" तिनं उत्तर दिलं नाही. अहवालात गेलं, की मुलीनं स्पष्ट पसंती सांगितली नाही. घरी येताना ती मला म्हणाली, "मावशी, कोण आवडतं हे त्यांनी का विचारलं? मला कुठं राहणं जमेल ते विचारायचं ना." तिला स्पष्ट पसंती होती. दिवसांसकट, वेळांसकट, कारणांसकट होती. फक्त तिला विचारलेला प्रश्न असा होता, की त्याचं काहीही उत्तर दिलं तरी एका पालकाला दुखवावं लागेल. समजूतदार मूल अशा प्रश्नावर गप्प बसतं, आणि त्या गप्प बसण्याची नोंद 'पसंती नाही' अशी होते.

कायद्यात मात्र हे अगदी वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं आहे. हे मला वकिलांनी सांगितलं नाही. मी कायदे आणून वाचले. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ मध्ये म्हटलं आहे, की मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण याबद्दल न्यायालय जी तरतूद करील ती शक्य असेल तिथं मुलांच्या इच्छेला धरून असावी. त्याच कलमात हुकूमनाम्यानंतरही, म्हणजे अंतिम निकालानंतरही, असे आदेश वेळोवेळी बदलण्याचा, स्थगित ठेवण्याचा आणि मागं घेण्याचा अधिकार आहे. पालक आणि पाल्य अधिनियम तर १८९० चा. त्याच्या कलम १७ मध्ये आहे, की अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय त्या पसंतीचा विचार करू शकतं. परकीय अंमलात झालेल्या कायद्यालाही हे सुचलं होतं. आणि १९७३ मध्ये रोझी जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ताब्याचे आदेश हे मुळातच तात्पुरते समजले पाहिजेत. ते त्या वेळच्या परिस्थितीतले असतात, काळ गेला आणि परिस्थिती बदलली की मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात. काळ जाणं हेसुद्धा त्या निकालात कारण म्हणून नोंदलेलं आहे. तरी व्यवहारात काय घडतं? 'परिस्थितीत काय बदल झाला ते दाखवा' असं विचारतात आणि बदल म्हणजे कुणाची नोकरी गेली, कुणी दुसरं लग्न केलं, कुणी दारू प्यायला लागलं असंच काहीतरी अपेक्षित असतं. सहा वर्षांचं मूल पंधराचं झालं, हा बदल कुणी बदल म्हणून धरत नाही. मला तर याहून मोठा बदल सुचत नाही.

आणखी एका कायद्याचा उल्लेख करते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ नुसार सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज यांची प्राथमिक तपासणी होते आणि त्यावरून त्याला प्रौढासारखं वागवायचं का हे ठरू शकतं. त्या तरतुदीबद्दल मतभेद आहेत, माझेही आहेत. पण सोळाव्या वर्षी मूल परिणाम समजू शकतं की नाही हे तपासायला राज्याकडे यंत्रणा आहे, हे तर यातून दिसतं. गुन्हा न केलेल्या मुलांसाठीही त्या यंत्रणेला तेवढाच वेळ मिळावा.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर भारतानं १९९२ मध्ये मान्यतेची मोहर उठवली. त्याच्या बाराव्या अनुच्छेदात, मुलाशी संबंधित न्यायालयीन कामकाजात त्याचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क आहे आणि त्या म्हणण्याला वय आणि समज पाहून वजन द्यावं असं आहे. वय आणि समज, दोन्ही. आमच्या प्रकरणात दोन्हींचा विचार झालेला नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. मोठ्या माणसांच्या दाव्यात दोन वर्षं गेली तर दावा तोच राहतो. मूल पंधरा वर्षांचं असेल तर दोन-अडीच वर्षांत दावाच संपतो, कारण अठरा पूर्ण झाली की ताब्याचा आदेश तिला लागूच राहत नाही. ती कुठं राहायचं ते स्वतः ठरवू शकते. म्हणजे या वयाच्या मुलांचा अर्ज नुसता रेंगाळला तरी तो फेटाळल्यासारखाच आहे, आणि त्या फेटाळण्याचं कारण कुणाला लिहावं लागत नाही. दहावीचं वर्ष पुन्हा येत नाही. 'आपसांत बोलून या' हा सल्ला पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उपयोगी पडत असेल, कारण तिथं वेळ हाताशी असतो. इथं नाही.

आदेश किती काटेकोरपणे पाळायचा, हाही एक प्रश्न आहे. आमच्या आदेशात रविवारी संध्याकाळी सहा वाजता वडिलांनी जातीनं मुलीला सुपूर्द करावं असं आहे. ती एकटी क्लासला जाते, पण आईकडे एकटी गेली तर तो भंग होतो. एकदा तिला ताप होता आणि तिनं स्वतःच आईला फोन करून उद्या येते म्हणून सांगितलं. आई हो म्हणाली. तरी नंतर आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करण्याचा इशारा देणारी नोटीस आली. दोन्ही घरांत त्या नोटिशीचं दुःख झालं. ती ज्यांनी पाठवली त्यांचं म्हणणं होतं, की नोंद राहिलेली बरी.

आता माझ्याबद्दल थोडं. मी तिला जन्म दिलेला नाही आणि तिची आई होण्याचा दावाही करत नाही. तिला आई आहे. पण ती आमच्याकडे असते त्या आठवड्यात तिला उठवणं, तिचा डबा, तिची औषधं, पाळीच्या दिवसांतली पोटदुखी, परीक्षेआधीचं रडू, हे माझ्या वाट्याला येतं. तिचे वडील कामावरून रात्री उशिरा येतात. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे, की 'पिता' आणि 'माता' या शब्दांत सावत्र पिता आणि सावत्र माता येत नाहीत. नैसर्गिक पालक कोण हे ठरवताना ते ठीक आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या एका ओळीचा अर्थ व्यवहारात असा झाला आहे, की मी कुठंच नाही. शाळेत माझी सही चालत नाही. ती पडली आणि हाताला टाके घालायची वेळ आली तेव्हा दवाखान्यात संमतीपत्रावर सही कोण करणार म्हणून आम्ही वाट पाहत बसलो. तिचे वडील येईपर्यंत ती हात धरून बसून राहिली. न्यायालयात मला बाकावर बसता येतं, पण आत बोलता येत नाही. आमच्या अटींत तर असंही आहे, की मुलीला सोपवताना वडिलांची दुसरी पत्नी हजर राहणार नाही. ती अट लिहिली गेली तेव्हा मी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तोवर आमचं लग्नच झालेलं नव्हतं. जे माणूस अजून आलेलंच नाही त्याच्याविरुद्धची अट नऊ वर्षांनीही तशीच आहे.

ही मुलगी कुठल्या घरात कशी झोपते, कशी जेवते, रविवारी दुपारपासून कशी अबोल होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यात मी आहे. तिच्या आईच्या घरी तिची आजी आहे, तिलाही बरंच माहीत असणार. दोघींनाही कुणी काही विचारलेलं नाही. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ नुसार वाद सोडवायला उपयोगी पडेल असा कुठलाही अहवाल, निवेदन किंवा माहिती, पुराव्याच्या कायद्यात बसत नसली तरी न्यायालय घेऊ शकतं. कलम १२ नुसार कुटुंबकल्याणातल्या जाणकाराची मदत घेऊ शकतं. कलम १० मध्ये स्वतःची कार्यपद्धती आखण्याची मोकळीकही आहे. म्हणजे मी जे मागणार आहे त्यातलं बरंचसं, कायदा न बदलता, उद्या सकाळपासून करता येण्यासारखं आहे.

माझ्या मागण्यांवर काय आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे, आणि ते आक्षेप पोकळ नाहीत. मुलं पढवली जातात. एका पालकाबद्दल त्यांच्या मनात वर्षानुवर्षं विष कालवलं जातं आणि मग 'मुलाची इच्छा' म्हणून तेच विष न्यायालयासमोर ठेवलं जातं. शिवाय या वयातलं मूल जिथं कमी बोलणी बसतात, फोन काढून घेतला जात नाही, त्या घराकडे झुकेल हेही खरं. पण यावरचा उपाय मुलाला न विचारणं हा नाही. नीट विचारणं हा आहे. एकदा नाही, दोनदा-तीनदा विचारा. एकदा आईनं आणून सोडलं असेल तर दुसऱ्यांदा वडिलांनी आणू द्या. कोण आवडतं हे विचारू नका. सकाळी किती वाजता उठतेस, अभ्यास कुठं होतो, आजारी पडलीस तर कुणाला फोन करतेस, हे विचारा. पढवलेलं मूल मोठमोठी वाक्यं बोलतं आणि अशा बारीक प्रश्नांवर अडखळतं. हे अनुभवी समुपदेशकांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. त्यांना तेवढा वेळ मिळत नाही एवढंच. आणि मुलाची इच्छा म्हणजे निकाल असं मी म्हणत नाही. हित सर्वोपरी, हे १९५६ च्या कायद्याचं कलम १३ मला पूर्ण मान्य आहे. इच्छेविरुद्ध निर्णय द्यायचा झाला तर जरूर द्यावा, फक्त का दिला ते त्या मुलाला कुणीतरी समोर बसवून सांगावं.

जिथं मारहाण आहे, धाक आहे, व्यसन आहे, मूल पळवून नेण्याची भीती आहे, तिथं काटेकोर आदेशच मुलाचं रक्षण करतो. अशा घरांसाठी मी सैलपणा मागत नाही. ती प्रकरणं वेगळी काढा. आमच्यासारख्या घरांना त्यांच्याच मापानं मोजू नका, इतकंच.

तर माझ्या मागण्या अशा.

मूल बारा वर्षांचं झालं की आणि पुन्हा पंधराचं झालं की ताब्याच्या प्रत्येक आदेशाचा न्यायालयानं स्वतःहून फेरविचार करावा. कुणी अर्ज करायची वाट पाहू नये, कारण अर्ज करणारा लगेच भांडखोर ठरतो. आदेश देतानाच त्यात पुढच्या फेरविचाराची तारीख घालावी. तेवढं एक वाक्य आमच्या संमतीच्या अटींत असतं तर यातलं अर्धंअधिक घडलं नसतं.

चौदा वर्षांवरच्या मुलाला विवाह समुपदेशकांकडे स्वतः, वकिलाशिवाय आणि पालकाच्या सहीशिवाय, साध्या कागदावर आपलं म्हणणं देता यावं, आणि त्याची पोच मिळावी. त्यानंतर मुलाला एकांतात, घाई न करता, एकाहून अधिक वेळा ऐकलं जावं. ते काय बोललं याचा शब्दशः उतारा दोन्हीकडच्या वकिलांच्या हाती पडू नये. दोन्ही बाजूंना उत्तर देता येईल इतका सारांश पुरे. मुलांनी मोकळं बोलावं असं वाटत असेल तर ते बोलणं दुसऱ्या दिवशी घरी वाचून दाखवलं जाणार नाही याची हमी लागेल.

अशा अर्जांना मुदत हवी. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मध्येच मुलांच्या निर्वाहाच्या आणि शिक्षणाच्या अंतरिम अर्जांना, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांची मुदत घातलेली आहे. चौदा वर्षांवरच्या मुलांच्या ताब्यात बदल मागणाऱ्या अर्जांनाही तीच लावा, आणि शाळेचं वर्ष सुरू होण्याआधी ते निकाली काढा.

मुलाच्या सोयीसाठी एखाद्या पालकानं दिवस कमी घेतले, तर तो निर्णय त्याच्या हक्कांना बाध न येता घेतला गेला असं आदेशातच लिहावं. ते दिवस पुढं त्याच्या बेपर्वाईचा पुरावा म्हणून वापरता येऊ नयेत. निर्वाह खर्चाचा हिशोब वेगळा ठेवावा, म्हणजे दिवस कमी मागणारा पैसे वाचवतो आहे आणि जास्त मागणारा पैसे मागतो आहे, अशी शंका दोन्हीकडं उरणार नाही. माझ्या मते ही एक मागणी मान्य झाली तरी निम्मे अर्ज आपसांत मिटतील. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला एका घरातून दुसऱ्या घरात स्वतः जाता यावं, एखादा दिवस पुढंमागं करता यावा, यासाठी आदेशात जागा ठेवावी.

सावत्र पालकांना ऐका. आम्हाला ताबा नको, पालकत्व नको, आईवडिलांच्या बरोबरीचं स्थान नको. ज्या घरात मूल राहतं त्या घरातल्या मोठ्या माणसाचं लेखी निवेदन घ्या आणि समुपदेशकांना त्याच्याशी एकदा बोलू द्या. दोन्ही पालकांची हरकत नसेल तर शाळेतल्या रोजच्या कामांसाठी आणि तातडीच्या औषधोपचारासाठी आमची सही चालेल, असा मर्यादित अधिकार आदेशात लिहून द्या.

शेवटची मागणी विधी व न्याय विभागाला. 'सामायिक ताबा', म्हणजे मुलाचा ताबा दोन्ही पालकांकडे असणं, या नावाची व्यवस्था आपल्या या जुन्या कायद्यांत कुठं लिहिलेलीच नाही. ती न्यायालयांनी आणि पक्षकारांनी आपापल्या परीनं उभी केली आहे. केंद्रीय विधी आयोगानं २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात ती कायद्यात आणण्याची शिफारस केली, दुरुस्तीचा मसुदाही दिला. अहवाल आला तेव्हा आमची मुलगी अगदी लहान होती. संसदेनं कधी काय करावं हे राज्याच्या हातात नाही, पण राज्यानं केंद्राकडं त्याचा पाठपुरावा करावा, कौटुंबिक न्यायालयांतली समुपदेशकांची पदं भरावीत आणि जिथं कमी आहेत तिथं वाढवावीत, हे नक्कीच राज्याच्या हातात आहे. समुपदेशकाकडं एका मुलासाठी तासभर नसेल तर वरच्या सगळ्या मागण्या कागदावरच राहतील.

या पत्राची एक प्रत मुलीच्या आईला आधी दिली आहे. त्यांनी ती वाचून फोन केला. वकिलांकरवी न होता आम्ही दोघी पहिल्यांदाच इतकं बोललो. त्यांचं म्हणणं इथं मांडायचा मला अधिकार नाही; त्या स्वतः मांडतील तेव्हा ते ऐकून घ्यावं, ही विनंती मात्र मी करते.

आदेश बदलेपर्यंत आम्ही तो पाळू, रविवारच्या सहा वाजेसकट. पुढची तारीख परीक्षेच्या आधीची मिळावी असा अर्ज आम्ही पुन्हा देत आहोत, आणि त्या तारखेला मुलीला बोलावून ऐकलं जावं अशी विनंती त्यातच केली आहे.

आपली विश्वासू,
एका पंधरा वर्षांच्या मुलीची सावत्र आई